अर्जुनरावांची पहिली नोटीस

थेरगावच्या त्या गल्लीतली सगळीच घरं विनापरवाना होती. महापालिकेचा माणूस नोटीस घेऊन आला, की शेजारी मुकाट्याने सही करून ती घेत. अर्जुनराव मात्र पुढच्या दाराला कुलूप घालून मागच्या दाराने आत शिरत आणि श्वास रोखून बसत. चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम करून बांधलेल्या त्या दोन खोल्या चौदा वर्षांत अनधिकृत बांधकामांच्या यादीत एकदाही आल्या नाहीत, याचा त्यांना घराहूनही अधिक अभिमान होता.

मग राज्य सरकारने कायदा केला: ज्या घरांना आजवर नोटीस मिळाली, ती दंड भरून नियमित होतील; यापुढे जी सापडतील, ती पाडली जातील. गल्लीने पेढे वाटले आणि अर्जुनराव कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहिले.

"काका, तुमच्याविरुद्ध रेकॉर्डवर एक अक्षर नाही," कारकून कौतुकाने म्हणाला. "जे अनधिकृतच नाही, ते नियमित कसं करणार?"

"आवो, हाय ना अनधिकृत! पायापासून पत्र्यापर्यंत हाय! शपथेवर लिहून देतो. गरिबाला एक नोटीस द्या की राव."

कारकुनाला दया आली. त्याने कोरा कागद ओढला, सुंदर अक्षरात नाव-पत्ता लिहिला, खाली शिक्का उमटवला. अर्जुनरावांनी डबडबल्या डोळ्यांनी सही केली.

 

"अभिनंदन, काका. नव्या कायद्यात सापडलेलं शहरातलं पहिलं घर तुमचं. उद्या सकाळी जेसीबी येईल."