भोवऱ्याचा पहिला फेरा

“झकास झाला, सेवादास. बोट ठेवाले जागा नाही,” नागोराव म्हणाला.

सेवादासने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग तो स्विचच्या पेटीकडे गेला आणि परत येऊन पान्याने नट आवळू लागला.

वणीच्या जत्रेत यंदा त्याचा नवा ‘भोवरा’ उभा राहिला होता. मोठी गोल ताटली, कडेने बारा खुर्च्या. ताटली आधी गरगर फिरायची आणि फिरता फिरताच एका बाजूने वर उचलली जायची. असला झुला तालुक्यात कुणी पाहिला नव्हता.

नवा झुला उभा राहिला की जत्रेतल्या सगळ्या झुलेवाल्यांनी येऊन त्याला नावं ठेवायची, ही या धंद्यातली रीत. कौतुक केलं तर दृष्ट लागते म्हणतात. म्हणून सकाळपासून कुणी रंगाला नावं ठेवून गेलं, कुणी भोंग्याला. नागोराव तर या कामात पटाईत. गेल्या साली सेवादासच्या साध्या लाकडी घोड्यांचे त्याने कानसुद्धा सोडले नव्हते.

आज मात्र त्याचा जळफळाट होत होता. दोघेही एकाच वस्तादाकडे ट्रकच्या बॉडीचं वेल्डिंग शिकलेले. असाच भोवरा नागोरावने दोन वर्षांपूर्वी आपल्या अंगणात बांधून पाहिला होता. माणसं बसवताच मधला शाफ्ट वाकला. त्याने सगळं भंगारात घातलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. जे आपल्याला जमलं नाही ते याला जमावं? आता लोक इथे रांग लावणार आणि आपला आकाशपाळणा रिकामा करकरत राहणार. हे त्याला बघवत नव्हतं.

पण मघाशी चाचणीच्या वेळी त्याला दिसलं, सेवादासनेही तीच चूक केली होती. प्रत्येक खुर्चीत त्याने सरकीचं एकेक पोतं ठेवलं होतं. भार चहूकडे सारखा, मग भोवरा फिरणारच. पोतं ठेवाल तिथे बसतं. माणसं मात्र आपल्या माणसांजवळ बसतात. एक बाजू भरली, दुसरी रिकामी राहिली आणि ताटली उचलली गेली, की सगळा ताण मधल्या शाफ्टवर. भर जत्रेत फजिती होईल, होऊ दे. कुणाला लागलं तर, हा विचार त्याने आला तसा झटकून टाकला.

तेवढ्यात सेवादासच्या घरच्या बाया आल्या. पहिला फेरा त्यांचा. बायको जमनी, आई सुखीबाई, मुलगी राखी आणि तांड्यावरच्या आणखी दोघी, सगळ्या गप्पा मारत एकाच बाजूला दाटीने बसल्या. समोरच्या खुर्च्या रिकाम्याच. सुखीबाईला नागोराव दिसला. शिकाऊ असताना तो तिच्या हातची भाकर रोज खायचा. जेवल्याशिवाय जायचं नाही, असं तिने त्याला खुर्चीतूनच बजावलं.

सेवादासने बटणावर बोट ठेवलं. तो भोवऱ्याकडे बघत नव्हता, नागोरावकडे बघत होता.

“करू चालू, नागोभाऊ?”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं.

“थांब,” नागोराव म्हणाला. “उतरव त्यायले. मधला शाफ्ट वाकते. माहा वाकलता.”

सेवादासने बटणावरचं बोट काढलं. मग खिशात हात घातला आणि तळहात नागोरावपुढे उघडा धरला. त्यात स्विचच्या पेटीतला फ्यूज होता.

“सारे नावं ठेवून गेले, तवा मले धीर होता,” तो म्हणाला. “तू झकास म्हटलं, अन् मी हा काढून घेतला.”