दाढीचा आरसा

कोंबडीच्या पिल्लांच्या बाबतीत सुनेची नजर घारीची, फक्त घारीच्या अगदी उलट कामाला लागलेली. सकाळी शेडमध्ये पाऊल टाकताच तिला दिसलं, सगळी पिल्लं दाण्यांवर तुटून पडलीत आणि एकच पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून बाजूला उभं आहे. काल तर चांगलं टुणटुणीत होतं! तिने ते तडक उचललं. बाकीच्यांना लागण नको म्हणून वेगळ्या खोक्यात ठेवलं, वर उबेला बल्ब लावला, डॉक्टरांना विचारून औषधाचे थेंब चोचीत सोडले. दुसऱ्या दिवशी पिल्लू सावरलं, पण दाण्याला काही चोच लावेना. नुसतं केविलवाणं चिवचिवायचं.

"एकट्याला घास उतरत नाही गं," दारातून सासरे म्हणाले.

मागे त्यांना खोकला झाला, तेव्हा लागण नको म्हणून त्यांचं ताट त्यांच्या खोलीत जाऊ लागलं होतं. खोकला कधीच गेला, ताट मात्र खोलीतच जात राहिलं.

त्यांनी आपला दाढीचा आरसा आणून खोक्यात टेकवला. पिल्लाने मान वाकडी करून आरशातल्या सोबत्याकडे पाहिलं आणि त्याच्या बरोबरीने पटापट दाणे टिपायला लागलं.

"कमाल केलीत बाबा! हे कुठून सुचलं तुम्हाला?"

ते आपल्या खोलीकडे वळले.

दुपारी ती ताट आणायला त्यांच्या खोलीत गेली, तर ताट वाढलं होतं तसंच.

"बाबा, जेवला नाहीत? बरं वाटत नाही का?"

"बरा आहे गं मी. आज आरसा पिल्लाकडे आहे ना."