थेंब आणि पराग

फूल उमललं तेव्हा थोरल्या बहिणीला ते दिसलंच नाही.

काचघरात निवडुंगाच्या कुंडीपुढे ती उभी होती. हातात पराग लावायचा बारीक ब्रश, आणि दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाहेर गवत फुलोऱ्यावर आलं होतं. निवडुंगाचा पराग चिकट, तो उडत नाही. डोळ्यांची अशी आग करायला वाऱ्यावर येणारा गवताचाच लागतो. बी पेरल्यापासून सात वर्षांनी आलेलं हे पहिलं फूल, आणि तेही एकाच दुपारचं. तेवढ्यात दुसऱ्या जातीचा पराग त्यावर बसला तर नव्या जातीचं बी धरणार होतं. नाहीतर पुढची कळी कधी येईल ते निवडुंगालाच ठाऊक.

फोन मिळताच धाकटी औषधांच्या दुकानातून पळत आली. अंगातला पांढरा कोटही तिने काढला नव्हता. तोवर थोरलीने पराग ठेवायच्या फ्रिजमधून डोळ्यांच्या थेंबांची एक छोटी बाटली काढून तिचं झाकण उघडलं होतं.

“ही कुठली?”

“तूच दिलेली. मागच्या हंगामात.”

धाकटीने बाटली काढूनच घेतली. ताईचा हिशोब तिच्या लक्षात आला: कोरडा पराग थंडीत वर्षभर टिकतो, मग थेंबांना काय धाड भरलीय? ही बाटली उघडली की महिन्याभरात टाकून द्यायची, तिने सांगितलं. नंतर आत जंतू वाढू शकतात आणि ते तुझ्या फ्रिजला भीक घालत नाहीत. थोरली म्हणाली, शिकवणी नंतर घे, आधी थेंब दे. धाकटीने खिशातून नवी, सीलबंद बाटली काढली आणि पुन्हा आडवी आली.

“लेन्स काढ.”

“लेन्स काढली की मला फूल आणि तुझं नाक सारखंच दिसतं.”

“दिसू दे. औषध लेन्समध्ये मुरून बसतं. नंतरही लगेच घालायची नाही.”

थोरलीने तोंड वाकडं केलं, पण साबणाने हात धुतले आणि लेन्स काढून डबीत ठेवल्या. स्टुलावर बसून तिने मान मागे टाकली. धाकटीने खालची पापणी हलकेच ओढून एकेक थेंब सोडला, बाटलीचं टोक कशालाही न लावता. थोडं चुरचुरलं. डोळे मिट, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धर, तिने बजावलं. आणि चोळलेस तर बघ.

इतक्यात काचेवरून सावली सरकली. हे फूल उन्हाच्या जिवावर उघडं राहणारं. थोरलीच्या गालावरची ऊब गेली तसं तिला न पाहताच कळलं.

“ढग?”

“मोठा आहे. ताई, कडेच्या पाकळ्या आत वळायला लागल्यात.”

थोरली ताडकन उठली. चष्मा चढवला तरी थेंबांमुळे समोर नुसतं गुलाबी धुकं. अशात ब्रश त्याच फुलाच्या परागाला लागला, की मुसळ केरात. ती पुन्हा बसली. ब्रश पुढे केला.

“तू कर.”

धाकटीने उभ्या जन्मात गोळ्याच मोजल्या होत्या. तिने ब्रश घेतला. थोरली डोळे मिटून सांगत गेली: दुसऱ्या जातीच्या परागाची ती कुपी घे, तिच्यात ब्रश बुडव, झटकू नकोस. फुलाच्या मधोमध हिरवी चांदणी दिसते ती कुक्षी. तिच्या प्रत्येक बोटावर नुसता टेकव. भोवतीच्या पिवळ्या तंतूंना शिवलीस तर घरात घेणार नाही. धाकटी श्वास रोखून वाकली. एका बोटावर पराग चिकटला. मग दुसऱ्या. आणि मग तिला राहवेना. जे जे दिसत होतं ते ती भराभर सांगत सुटली. तिच्या शब्दाशब्दाला थोरलीच्या मिटल्या पापण्या थरथरत होत्या.

“झालं.”

थोरलीने डोळे उघडले. धुकं निवळलं होतं, खाजही ओसरत होती. हातात भिंग घेऊन ती फुलावर ओणवी झाली आणि एकेक बोट तपासू लागली. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

कुक्षीच्या प्रत्येक बोटावर पिवळी धूळ होती. भोवतीचे तंतू जागच्या जागी.

पाकळ्या आता भराभर आत वळत होत्या.

“ताई, मिटतंय गं,” धाकटी कुजबुजली.

“मिटू दे,” थोरली म्हणाली. “आता त्याला आत काम आहे.”