धोटी

शटर अर्धं वर झालं आणि तिघं जण वाकून आत आले. रघूला मागे वळून बघावं लागलं नाही. समोरच्या व्हिडिओ गेमच्या मशीनच्या काळ्या काचेत त्याला आधी त्यांचे पाय दिसले, मग कोंडीरामचा चेहरा.

कोंडीराम त्याच्याच मिलमधला, काळाचौकीला त्याच्याच चाळीत राहणारा. संपाचं दुसरं वर्ष लागलं होतं आणि चाळीतली कमिटी तोच चालवायचा. त्याच्यामागे जयवंत होता, मुठीला सायकलची चेन गुंडाळलेला. तिसऱ्याला रघू ओळखत नव्हता. त्या तिसऱ्यानं शटर पुन्हा खाली ओढलं.

"रोज दुपारचा कुठं गायब होतोस रे?" कोंडीरामनं विचारलं. "घरी सांगतोस, काम बघायला जातो. गुपचूप मिलमध्ये शिरतोस ना?"

"नाय दादा. शपथ. इथंच येतो."

"इथं? गिरगावात, व्हिडिओ खेळायला? घरात स्टो पेटायची मारामार, आणि तुला खेळायला पैसे कोण देतं? मालकाचा माणूस?"

गेल्याच आठवड्यात चाळीतला गुणाजी संप मोडून कामावर जाताना मिलच्या मागच्या दाराशी कमिटीच्या पोरांना सापडला होता. त्याची बोटं आता वळत नव्हती. बायको भरवायची त्याला.

"मी दुकान झाडतो," रघू कसाबसा म्हणाला. "काचा पुसतो. आग्नेलो, ह्या दुकानाचा मालक, दुपारी जेवायला घरी जातो, तेवढा वेळ मला फुकट खेळू देतो."

"कशाला पण? लहान आहेस?"

ह्याला उत्तर होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. काचेच्या आत, काळ्या आभाळात, उडत्या खडकांच्या मधे एक इवलंसं पांढरं रॉकेट तरंगत होतं. दोन्ही टोकांना निमुळतं. साच्यावर कापड विणताना इकडून तिकडे पळणारा धोटा असतो ना, अगदी तसं. रघू मनातल्या मनात त्याला धोटी म्हणायचा. बटण दाबलं की ती पळायची आणि बोट काढलं तरी पळतच राहायची. थांबवायची तर तिचं तोंड फिरवून उलटा जोर लावावा लागे. बाकीची गिऱ्हाइकं नुसती धडाधड गोळ्या झाडत. रघूला तिला खडकांच्या फटींतून अलगद काढण्यातच सुख वाटायचं. रात्री कांता शेजारी झोपलेली असताना त्याला धोटीच आठवायची, आणि बायकोला हे सांगायची लाज वाटायची.

आता तो बोलत राहिला आणि खडक येऊन तिच्यावर आदळला. पडदा रिकामा झाला.

"खोटं बोलतोय," तिसरा म्हणाला.

कोंडीरामनं रिकाम्या पडद्याकडे बोट दाखवलं. "रोज खेळतोस ना? मग खेळून दाखव. ज्याचा हात बसलाय तो लगेच नाय मरणार. लगेच मेलास, तर मिलमध्ये जातोस हे आम्ही समजून घेऊ."

रघूनं मशीनच्या मागे हात घालून खेळ पुन्हा सुरू केला. एका डावात तीन धोट्या मिळत.

पहिली त्यानं सरळ खडकावर नेली. बोटं घामानं बटणावरून घसरत होती. दुसरी वळलीच नाही. मागे चेनच्या कड्या खुळखुळल्या. जयवंत मुठीची पकड नीट करत असावा.

तिसरी मधोमध येऊन उभी राहिली. एकटीच.

"चल बाय," रघू पुटपुटला. "सांभाळ."

चारी बाजूंनी खडक सुटले. त्यानं तिला तिरकी केली, जराशी ढकलली आणि सोडून दिली. ती दोन खडकांमधून पार झाली. पुढे वळवली, रोखली, पुन्हा सोडली. भीती गेली नव्हती. मानेवर कुणाचातरी श्वास लागत होता. पण बोटं आता त्याची उरली नव्हती. ती धोटीची झाली होती. पाठोपाठ खडक फुटले, नवे आले, तेही फुटले. किती वेळ गेला कोण जाणे.

"मागनं येतोय, मागनं!" जयवंत एकदम ओरडला. रघूनं धोटी बाजूला काढली. जयवंतनं सुस्कारा सोडला.

"राहू दे," कोंडीराम म्हणाला. "पटलं."

रघूनं बटण सोडलं नाही. आता सोडलं असतं, तर ती मेली असती.

कोंडीराम जवळ येऊन काचेवर वाकला. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, दाढी वाढली होती. "हे संपतं कधी रे?"

"संपत नाय दादा. सगळे फोडले की नवे येतात. आधीच्यापेक्षा जास्त येतात."

"मग जिंकतो कोण?"

"कोण नाय. आपली फुटेस्तोवर चालवायची, बस."

जयवंत हसला. कोंडीराम हसला नाही. त्यानं खूण केली तसं तिसऱ्यानं शटर वर ओढलं. बाहेरचं ऊन थेट काचेवर पडलं आणि रघूला धोटी दिसेनाशी झाली. तो अंदाजानं बटणं दाबत राहिला.

दोघं बाहेर पडले. कोंडीराम शटरखाली वाकला आणि तसाच थांबला.

"चाळीत कुणाजवळ बोलू नकोस."

"मी खेळतो ते?"

"ते नाय रे," कोंडीराम खालच्या आवाजात म्हणाला. "संपत नाय, ते."