कासारणीचे हात

नवरीच्या चुड्यातली बांगडी फुटणं वाईट, म्हणून चंद्रभागा कासारणीनं चार वर्षांत एकही चुडा भरला नव्हता. लाखेच्या भट्टीच्या धुरानं तिची फुफ्फुसं गेली होती. मग नखं निळी पडली, आणि बोटं इतकी गार झाली की हात धरताच बायका मूठ आवळत आणि बांगडी पिचत असे.

आज समोर डॉक्टर ऋजुता बसली होती. परवा तिचं लग्न होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिनंच चंद्रभागेच्या रक्तात डोळ्यांना न दिसणारी यंत्रं, इवले गवंडीच, सोडले होते. बोटांपर्यंतच्या रक्तवाहिन्यांच्या झिजलेल्या भिंती ते आतून लिंपत फिरत होते.

"चुडा भरायला शहरात जा गं," चंद्रभागा धापा टाकत म्हणाली. "माझी छाती अजून वाजतेय."

"ती वाजणारच, मावशी. फुफ्फुसं त्या गवंड्यांना दुरुस्त करता येत नाहीत. पण चुडा तुमच्याच हातून भरायचाय मला."

चंद्रभागेनं गरम पाण्याचं पातेलं जवळ ओढलं. दर बांगडीला ती बोटं त्यात बुडवी, पदराला पुशी आणि मग ऋजुताचा पंजा दाबी. पंजा सैलच राहिला. एकवीस हिरव्या बांगड्या चढल्या, एकही पिचली नाही.

रिवाजाप्रमाणे ऋजुता कासारणीच्या पाया पडायला वाकली. आशीर्वादाचा हात गार लागू नये म्हणून चंद्रभागेनं तो पुन्हा पातेल्याकडे नेला.

"मावशी, पाचव्या बांगडीलाच ते पाणी गार झालं होतं. थेंब माझ्या मनगटावर पडत होते. ते गार होते, तुमची बोटं नाही."

चंद्रभागेचा हात तिथंच थांबला. मग तिनं दोन्ही तळवे पोरीच्या डोक्यावर ठेवले, आणि बराच वेळ उचललेच नाहीत.