हँडओव्हर

चाकणच्या आमच्या कंपनीत टीममधला एक माणूस कमी करायचा ठरला आणि आमचे टीम लीड अवधूत सरांनी माझं नाव दिलं. "सिदरा, माझ्यावाचून इथं पान हलत नाही गं," ते म्हणाले.

खरंच होतं ते. गेटपास, ट्रकची एन्ट्री, कंपनी बस, अशा प्रत्येक कामाचे सर्व्हरवरचे सगळे रूट त्यांनी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एकाच फंक्शनमध्ये कोंबून ठेवले होते. दुसऱ्या कुणी हात लावला की सर्व्हर बसायचाच.

"आणि जाताना सगळं नीट लावून जा. तू गेल्यावर कुणाचं अडायला नको."

मग मीही इरेला पेटले. नोटीस पिरियडभर एकेक रूट सुटा केला. प्रत्येकाचं वेगळं फंक्शन, वाचताच कळेल असं नाव. सरांनी न बघताच ओके केलं.

डेमोला गेटपासमधला बदल मी मुद्दाम नव्या ट्रेनीला करायला लावला. चहा गार व्हायच्या आत तिने तो केला.

"अरे, हे तर आता कुणीही सांभाळेल!" आमच्या हेड मधुवंती मॅडम म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी निरोपाचा केक आला. त्यावर माझ्या नावाशेजारी अवधूत सरांचंही नाव होतं.

मी सुरी त्यांच्या हातात दिली.

"सर, आधी तुम्ही."