डिकीवरचा ट्रे

छोट्या गाडीच्या मागच्या काचेखाली, डिकीवर जो आडवा ट्रे असतो ना, त्याच्या भरवशावर ती पाच महिने दिवस काढत होती. काचेतून बघणाऱ्याला नुसता काळा ट्रे दिसायचा. त्याखाली तिची बॅग होती. दोन ड्रेस, कागदपत्रं, माहेरच्या घराची किल्ली. नवरा घरातली कपाटं उचकायचा, पण डिकी कधी उघडायचा नाही; सामानसुमान आणणं हे तिचं काम. फक्त गाडीत कुठे खुट्ट झालं की त्याचं डोकं फिरायचं.

बुधवारी गाडी तिच्याकडे असायची. त्या दिवशी लेकीला शाळेतून घेऊन परस्पर निघायचं, असा तिने मनाचा हिय्या केला आणि सोमवारी बॅगेत लेकीचे खेळाचे बूटही कोंबले. बॅग फुगली. ट्रे बोटभर वर आला, काही केल्या नीट बसेना. एका दिवसाचा तर प्रश्न, म्हणून तिने तो तसाच दाबून दिला.

मंगळवारी नवरा ऑफिसातून आला, तो ट्रे काखेत मारूनच.

"प्रत्येक खड्ड्याला खडखड, खडखड," ट्रे भिंतीला टेकवत तो शांतपणे म्हणाला. "काढून टाकला एकदाचा."

"आणि... खालचं सामान?"

"तुझी बॅग आहे तिथेच आहे. निघ हवं तेव्हा. पोरीचे बूट तेवढे काढून घेतलेत."